गाढवाच्या मजल्यावरची बैठक

येमेनमधल्या सना शहराच्या जुन्या वस्तीत माणसाची पत त्याच्या जिन्यावरून ठरते. घरं उंच आणि चिंचोळी. तळाला गाढव आणि सरपण, त्याच्यावर धान्य, त्याच्यावर बायकामुलं, आणि सगळ्यात वर, उन्हावाऱ्यात, पाहुण्यांची खोली. पाहुणा धापा टाकत वर पोचला की यजमानाला बरं वाटतं. ही रीत कुणी घातली ठाऊक नाही, पण ज्याने घातली त्याचे गुडघे शाबूत असणार.

मुतह्हर हा मिठाच्या बाजारातला बेदाणेवाला. दुकान एवढंसं की तो मांडी घालून बसला की दुसऱ्याला उभं राहायला जागा नाही. दुकानात तो चिक्कू. गिऱ्हाइकाने चव बघायला म्हणून दुसरा बेदाणा उचलला तर हात पुढे करून अडवायचा. हाच माणूस घरी मात्र कर्णाचा अवतार. आजोबांनी बांधलेलं सहा मजली घर, आणि वरची खोली अशी की गादीवर बसल्या बसल्या जमिनीलगतच्या खिडक्यांतून मशिदींचे मनोरे, बागा आणि नुकूम डोंगर दिसावा. दुपारचं जेवण आटोपलं की मित्र आपापल्या गातच्या, म्हणजे तरतरी आणणाऱ्या झुडपाच्या, पानांची जुडी काखेत मारून यायचे. कोवळं पान खुडून गालात साठवायचं, वरून पाणी प्यायचं, आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहायचं. पानं ज्याची त्याने आणायची. गादी, उशी, पाणी, हुक्का यजमानाचा. मुतह्हर उशा देता देता स्वतः टेकायचा विसरायचा.

त्याच्या उजव्या हाताला, खिडकीत, काइदची जागा. काइद हुदैदा बंदराच्या रस्त्यावरचा ट्रकवाला. आवाज असा की जिना चढताना तो ‘अल्लाह, अल्लाह’ म्हणायला लागला, म्हणजे घरातल्या बायकांनी आडोशाला व्हावं म्हणून आपल्याकडे म्हणतात तसं, की समोरच्या घरातल्या बायकाही आत पळायच्या. बैठकीतली निम्मी भांडणं त्याची. मुतह्हरला सख्खा भाऊ नव्हता. त्याचा बाप गेला तेव्हा काइद हुदैदाहून माल न उतरवताच ट्रक घेऊन आला आणि सगळ्यांच्या आधी खांद्याला लागला. असं हे माणूस.

त्याला साखरेने गाठलं. आधी बोट, मग पाऊल, मग दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले. ट्रक विकला आणि चाकाची खुर्ची आली. त्या वर्षी मुतह्हरला देवाकडे एकच गोष्ट मागायची होती. काइदने पुन्हा येऊन आपल्या उजव्या हाताला बसावं.

त्याने लगेच सोय केली. बाजारातला सर्हान हमाल, साखरेची पोती लीलया उचलणारा, त्याला रोजचं काम दिलं. दुपारी काइदला पाठीवर घेऊन वर आणायचं, संध्याकाळी परत खाली. पहिल्या दिवशी काइद सर्हानच्या पाठीवरून खोलीत शिरला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मुतह्हरने त्याच्याभोवती इतक्या उशा रचल्या की माणूस दिसेना. कापडवाला गालिब म्हणाला, अशी सरबराई तर इमामांचीही होत नसेल. गल्लीतही कौतुक झालं. मित्र असावा तर मुतह्हरसारखा, असं लोक बोलले आणि ते मुतह्हरच्या कानावर आलं. त्याला ते आवडलं, यात खोटं सांगण्यात अर्थ नाही.

काही आठवडे असे गेले. पण काइद बैठकीत गप्प बसू लागला. जिन्यावरही आता एकटा सर्हानच ‘अल्लाह, अल्लाह’ ओरडायचा. मग एके दिवशी निरोप आला, खोकला आहे. मग गावाकडचे लोक आलेत. मग खुर्चीचं चाक मोडलं. चाक दुरुस्त करायला मुतह्हरने माणूस धाडला तर चाक धडधाकट.

खिडकीतली जागा रिकामी राहू लागली. गालिब म्हणाला, माणसाला पाठीवर मिरवलं की तो लाडावतो, आता पालखी मागेल. मुतह्हरच्या मनाला लागलं होतंच. तोही बाजारात म्हणू लागला, हमाल दिला, खिडकी दिली, अजून काय करायचं माणसाने, डोक्यावर घेऊन नाचायचं? काइदला हे कुणी ना कुणी सांगितलंच असणार. बाजारात बोललेलं पाण्यात टाकलेल्या तेलासारखं पसरतं.

एका रात्री जेवताना हूरिया, मुतह्हरची बायको, भाकरी मोडता मोडता थांबली. या बाईने सारं आयुष्य सरपण आणि पाण्याच्या घागरी पाचव्या मजल्यावरच्या चुलीपर्यंत चढवल्या. जिन्याबद्दल तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

“अबू यह्या,” मुलाच्या नावाने नवऱ्याला हाक मारत ती म्हणाली, “तुमचा मित्र वर बसला की पाणी प्यायचा का हो?”

“न प्यायला काय झालं? गालात पानं असताना पाण्याशिवाय कोण बसेल?”

“खोली मी आवरते. सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या, आणि त्याच्या जागेवरची जशीच्या तशी, बूचसुद्धा न उघडलेली. पाणी प्यायलं तर मोरीत जावं लागेल. मोरी अर्धा मजला खाली. नेणार कोण? तुमचा हमाल येणार दिवेलागणीला.”

मुतह्हर म्हणाला, माझ्याकडे बोलला असता तर मी नेलं नसतं का?  मग हूरियाने जे पोटात ठेवलं होतं ते सांगितलं. एका संध्याकाळी सर्हानला उशीर झाला. तो येतोच आहे असं समजून मुतह्हर सगळ्यांबरोबर नमाजला निघून गेला. हूरिया चुलीशी होती. जिन्यातून आवाज आला, ‘अल्लाह, अल्लाह’, अगदी हळू, जणू आजारी माणूस कण्हतोय. तिने दाराच्या फटीतून पाहिलं. काइद एकटा उतरत होता. बसून, दोन्ही तळवे टेकून, एकेक पायरी. वळणावर थांबायचा, दम खायचा, पुन्हा निघायचा.

“मी बाहेर कशी येणार? त्याने मला पाहिलं असतं तर तो तिथेच मेला असता. दिवा घेऊन दाराच्या फटीला धरला. पडला तेवढा उजेड पडला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“पुरुषाची लाज होती, झाकून ठेवली. पण तुम्ही त्याला चारचौघांत नावं ठेवायला लागलात.”

मुतह्हरने ताट बाजूला सारलं. एवढी शरम त्याला आयुष्यात वाटली नव्हती. हूरिया म्हणाली, आता तरी जा आणि त्याला विचारा, कसं जमेल ते. पण इथे मुतह्हर पक्का सनावाला निघाला. पाहुण्याला विचारायचं? आपल्याकडे ‘जेवणार का’ असं विचारणं म्हणजे ‘जेवू नकोस’ असं सांगणं. पाहुण्याच्या पुढ्यात आणून ठेवायचं असतं. म्हणून त्याने विचारलं नाही. जे करायचं ते करायला घेतलं.

गाढव मरून जमाना झाला होता. तळमजल्यावर बेदाण्यांच्या टोपल्या, मोडक्या खाटा आणि सरपण. ते सगळं त्याने हलवलं. गवंडी लावला. भिंतींना चुना दिला, जमीन सपाट केली, गल्लीच्या बाजूला खिडकी पाडली. दाराचा दगडी उंबरा, आजोबांनी बसवलेला, उखडून तिथे उतार केला. गवंडी म्हणाला, उंबरा काढला तर पावसाचं पाणी आत येईल. मुतह्हर म्हणाला, पाणी येऊ दे, काइदपण येईल. काइदच्या खुर्चीची उंची त्याला माहीत होती, कारण ती इतके दिवस त्याच्याच दारात उभी असायची. तेवढाच उंच ओटा त्याने भिंतीच्या कडेने चारी बाजूंना बांधून घेतला, म्हणजे काइदने खुर्चीवरून सरकावं आणि सगळ्यांच्या बरोबरीने बसावं. शेजारीच मोरी केली, तिच्यात बसायला आसन, धरायला लोखंडी दांडी. आसन नीट झालंय का हे मुतह्हरने स्वतः बसून पाहिलं, आणि गवंड्याने ते गल्लीभर केलं.

चेष्टा सुरू झालीच. कुणी दारावरून जाताना गाढवासारखं रेकायचं. गालिबने सरळ सांगितलं, “मी गाढवाच्या मजल्यावर बसणार नाही. माझ्या जावयाने पाहिलं तर काय म्हणेल?” बाकीच्यांनी माना डोलवल्या. मुतह्हर पेचात पडला. एका पाहुण्याची सोय करताना चार पाहुण्यांचा अपमान करणं त्याला जमणारं नव्हतं. मग त्याने त्याच्या मते नामी तोड काढली. ज्याला जिथे सोयीचं त्याने तिथे बसावं. काइद खाली, बाकीचे वर.

काइदला आमंत्रण गेलं, आता पायऱ्या नाहीत, ये. काइद आला. खुर्ची उतारावरून स्वतःच ढकलत आत आला, ओट्यावर सरकला, खोली पाहिली. मुतह्हरने उशी दिली, हुक्का दिला, पाणी ठेवलं, जरा वेळ बसला आणि म्हणाला, आलोच. वर गेला. वर चौघांना उशा दिल्या, जरा वेळ बसला, म्हणाला, आलोच. खाली आला. सारी दुपार तो असा वरखाली करत राहिला, घामाने निथळला, आणि मनातून स्वतःवर खूश होता. जिना घराच्या पोटातून जातो, त्यामुळे वरचं हसणं खाली स्वच्छ ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा का चौथ्यांदा तो खाली आला तेव्हा काइदने पानांची जुडी गुंडाळली होती.

“खोली छान केलीस,” तो म्हणाला. “ओटा छान, मोरी छान. माझ्या घरात एवढं नाही.”

“मग निघालास कुठे?”

“वर कोण बसलंय?”

मुतह्हरने नावं सांगितली.

“म्हणजे सगळेच.” काइद खुर्चीवर सरकला. “मी हमालाच्या पाठीवरून यायचो ते खिडकीसाठी येत नव्हतो रे. इथे गाढव बांधायचे, त्याचं मला काही नाही. पण ते गाढवसुद्धा इथे एकटं नसायचं. तुझ्या बापाची शेळी असायची त्याच्या सोबतीला.”

आणि तो गेला. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. चढवला असता तर मुतह्हरलाही चढवता आला असता.

दुसऱ्या दिवशी मुतह्हरने दुकान उघडलं नाही. कमरेचा खंजीर सोडला, हातात घेतला आणि काइदच्या घरी गेला. ज्याच्याकडून आगळीक घडली त्याने आपला खंजीर समोरच्याच्या स्वाधीन करायचा, आणि समोरचा जो निवाडा देईल तो घासाघीस न करता पाळायचा, ही डोंगरातल्या टोळ्यांची रीत. शहरातले बेदाणेवाले सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. काइद लेकीकडे राहायचा, भाकरीच्या भट्टीशेजारी, गल्लीला लागून असलेल्या एका खोलीत. मुतह्हर या दारात शेकडो वेळा हाक मारायला आला होता. आत येऊन बसला मात्र कधीच नव्हता. बोलावणारा नेहमी तोच.

त्याने खंजीर काइदच्या मांडीवर ठेवला. “चूक माझी. निवाडा तुझा.”

काइदने खंजीर उलटसुलट करून पाहिला. मूठ घासली, म्यान हुंगलं, मुतह्हरला बराच वेळ तिष्ठत ठेवलं. मग म्हणाला, “उद्या बैठक माझ्याकडे. सगळ्यांना घेऊन यायचं. तू पाहुणा. बसवीन तिथे बसायचं, देईन ते प्यायचं, आणि एकदासुद्धा उठून कुणाला उशी द्यायची नाही.”

मुतह्हरला वाटलं होतं, दंड म्हणून बैल कापायला सांगेल. बैल परवडला असता.

खंजिराचा निवाडा म्हटल्यावर गालिबलाही नाही म्हणता येईना. सगळे आले. खोलीत गुडघ्याला गुडघा लागत होता, आणि भट्टीची ऊब भिंतीतून पाठीला. काइदने मुतह्हरला कोपऱ्यात बसवलं, कपड्यांच्या खुंटीखाली, जिथे मान वाकडी करूनच बसता यावं. मुतह्हरचे हात दोनदा उशीकडे गेले आणि दोनदा काइदने नुसती भुवई उचलली.

मग काइदने एक विचित्र गोष्ट केली. एकेकाला विचारू लागला, तुला कुठे बसलेलं बरं, टेकायला काय हवं, पाय लांब करायचाय का. ट्रकात कुणाला बसवलं की तो असंच विचारायचा, कारण मनाखाच्या घाटात माणूस एकदा अवघडला की उतरवता येत नाही. पाहुणे आधी चरकले, असं कधी कुणी विचारलेलं नव्हतं. मग गालिब जमिनीकडे बघत म्हणाला, उजवा गुडघा. दोन वर्षं झाली. मुतह्हरच्या जिन्यावर धान्याच्या मजल्याशी तो रोज चपलेचा बंद बांधायला थांबायचा तो त्याच्यासाठी.

“तुझ्या चपलेला बंदच नाही,” काइद म्हणाला.

“तेच तर. तुम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं, कुणी बोललं नाही.”

सगळे हसले, गालिब सगळ्यात जास्त. गाढवाच्या मजल्याला त्याने नाक का मुरडलं तेही मग निघालंच. लगेच हो म्हटलं असतं तर गुडघ्याचं बिंग फुटलं असतं. मुतह्हर कोपऱ्यातून ऐकत होता. इतकी वर्षं ही माणसं त्याच्याकडे धापा टाकत आली आणि त्याला तो आपला मान वाटत होता.

शेवटी काइद त्याच्याकडे वळला. “आणि तुझं काय दुखतं?”

यजमानाला हे कुणी विचारत नाही. मान, असं मुतह्हर म्हणणार होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“खिडकीतली जागा रिकामी होती, ते.”

काइदने हुक्क्याची नळी त्याच्याकडे सरकवली आणि घसा खाकरून विषय बदलला. संध्याकाळी खंजीर परत दिला.

त्यानंतर बैठक तळमजल्यावर भरू लागली, सगळ्यांची. दोघं मात्र आले नाहीत. त्यांनी दुसरा उंच जिना शोधला. वरच्या खोलीला मुतह्हर कुलूप घालणार होता, पण हूरियाने किल्ली मागून घेतली. गल्लीतल्या बायका दुपारी तिथे जमू लागल्या. जिन्याची त्यांना सवय होतीच, त्या खिडक्या मात्र त्यांनी आजवर फक्त पुसल्या होत्या. खालच्या खिडकीतून पुरुषांना दिसायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय आणि हातगाडीची चाकं. पावसात पाणी आत आलंच, आणि गवंडी ‘मी सांगितलं होतं’ म्हणायला मुद्दाम येऊन गेला.

एका दुपारी हुदैदाच्या रस्त्यावरून जुंपली. गालिब म्हणाला, घाटातलं जुनं वळण धोक्याचं होतं, नवा रस्ता बरा. काइद भडकला. म्हणाला, ज्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही त्यांनी घाटाबद्दल बोलू नये, आणि असल्या कापडफाड्या माणसांत मला बसायचंच नाही. आवाज पूर्वीसारखा, गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. बोलता बोलता तो ओट्यावरून खुर्चीत सरकला, चाकं फिरवली, उतारावरून बाहेर पडला. कुणाला हाक मारली नाही, कुणाची वाट पाहिली नाही.

एक जण उठला. “अरे, थांबवा त्याला. पाहुणा रागावून चाललाय दारातून.”

“खाली बस,” मुतह्हर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. “चालू दे. पाय गेल्यापासून वरून त्याला एकदाही रागावून जाता आलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी नमाजानंतर मुतह्हर दार उघडायला आला तर काइद उतारावर खुर्ची लावून बसलेला होता. उशीर का केलास म्हणून त्याने आधी मुतह्हरला झापलं, आणि मग घाटाचं वळण काल जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.